अखेर कारंजं उडालं, पण आधी उच्छ्वास बांधावा लागला

मंडळी, रविवारी सकाळी सव्वासात वाजता माझ्या बागेतलं कारंजं उडालं! मोटर नाही, वीज नाही. वरच्या हौदातलं पाणी, जमिनीचा उतार आणि सव्वा इंची काळा पाईप, एवढंच. धार सात फूट चढली आणि तशीच टिकली. हातातला चहा गार झाला तरी मी तिथून हलले नाही.

मागच्या वेळी गाडी कुठे अडली होती ते आठवत असेल. हौदातल्या पाण्याच्या पातळीपासून कारंज्याच्या तोंडापर्यंत २१ फुटांचा उतार आहे, पण वाटेत आंब्याजवळ खडकाचा उंचवटा आहे. पाईप त्यावरूनच न्यावा लागतो. हवा कोंडायची ती नेमकी तिथे. चावी उघडली की पाईप गुरगुरायचा, दोन फूट धार यायची, मग फुसफुस आणि बंद. उन्हात पाईप तापला की आणखीच वाईट, कारण पाण्यात विरघळलेली हवाही सुटून त्याच माथ्यावर जमते.

तीन आठवडे यातच गेले. खालून बादल्यांनी पाईप भरून पाहिला. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून माथ्यावर एअर व्हॉल्व (हवा बाहेर सोडणारी झडप) बसवला, तर तो चौथ्या दिवशी गळायला लागला. दोन वेळा टेफ्लॉन टेप बदलल्यावर कारण कळलं. उंचवटा हौदातल्या पाण्यापेक्षा फक्त सहा फूट खाली आहे. एवढ्याशा दाबाने व्हॉल्वमधला गोळा नीट बसतच नाही. हे व्हॉल्व मोटरच्या दाबासाठी असतात. उतारावरच्या पाण्याला ते घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

उत्तर मिळालं ते कात्रजच्या नळात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. नळातली कोंडलेली हवा बाहेर पडायला उघडी वाट. त्यात हलणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. पुण्यात इतकी वर्षं राहून मी ते फक्त जुनं बांधकाम म्हणून पाहत होते.

माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवला, त्यावर चार फुटांचा उभा पाईप, तोंड उघडं. पहिल्याच मिनिटाला त्यातून लांब सुस्कारा आल्यासारखी हवा सुटली आणि खाली धार सरळ झाली. नाव किती नेमकं ठेवलंय, ते तेव्हा कळलं.

मग मी कारंज्याची चावी बंद केली आणि उभ्या पाईपातून पाणी भळाभळा सांडायला लागलं. वाहतं पाणी घर्षणात थोडा जोर गमावतं, म्हणून चालू असताना ते त्या पाईपात साडेतीन फुटांवरच उभं राहतं. वाहणं थांबलं की मात्र हौदाच्या पातळीपर्यंत चढतं, म्हणजे सहा फूट. म्हणून उच्छ्वासाचं तोंड हौदाच्या काठापेक्षा वरच हवं. आता साडेसात फूट केलंय, तोंडावर जाळी बांधलीय आणि मधे पारदर्शक नळीचा तुकडा घातलाय. तो तुकडा फार उपयोगी पडतोय. वाहताना त्यातलं पाणी नेहमीपेक्षा खाली दिसलं तर हौद आणि माथा यांच्यामध्ये कचरा अडकलाय. वर चढलेलं दिसलं तर कारंज्याच्या बाजूला.

उंचीची मापं मी गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या लेव्हल पाईपने घेतली. लेझर आणला होता, पण भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही. नळीतलं पाणी दिसतं.

हल्ली बागेचा आराखडा कागदावर आधी काढतात आणि पाण्याचं शेवटी मोटरवर सोडतात. जुन्या बागांमध्ये उंची आधी ठरायची. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ हवेलीच्या बागेत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने १८४४ मध्ये एम्परर कारंजं उभारलं. त्यासाठी आधी वरच्या डोंगरावर तलाव खणला, कारण धार किती उडणार ते त्या तलावाच्या उंचीवर ठरणार होतं. आपल्या ११ गुंठ्यांच्या बागेलाही हेच लागू आहे. पहिला दिवस उतार मोजण्यात घालवा, झाडं नंतर.

पुढचा बेत हौदाभोवती दगडी काठ करायचा होता. पण हे लिहितानाच तो बदलतोय. एकाऐवजी पाच कारंज्यांची रांग केली तर? अडचण ठरलेली: पहिलं उंच उडतं, पाचवं रडतं. ताजमहालच्या बागेत प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं बसवलेलं आहे. पाणी नळातून थेट तोंडाकडे न जाता आधी ही भांडी भरतं, मग सगळीकडे सारख्या दाबाने वर चढतं. तांबं मला परवडणार नाही. पण चार इंची पीव्हीसीचे फूटभर लांबीचे पाच तुकडे, दोन्ही तोंडांना एंड कॅप, आणि ते जोडायला दोन इंची पाईप, एवढ्यात जमायला हवं. सव्वा इंचीतून पाच धारांना पाणी पुरेल का, ही शंका आहे. आधी पाव इंचाच्या तोंडाने दोनच जोडून पाहते.

कुणी अशी भांडी बसवली असतील तर आतला गाळ कुठून काढता ते सांगा. मी तळाशी छोटी चावी ठेवायच्या विचारात आहे, शनिवारी चिकटवायला घेणार.