सात पांढरे दोरे

४ जानेवारी, नाशिक

काल रात्री दुसरा लेगवॉर्मर सुयांवरून उतरला. आज सकाळी उन्हात पहिल्याशेजारी ठेवला आणि पोटात खड्डा पडला. तीच लोकर, त्याच सुया, तेच ७२ टाके, लाटेच्या विणीचे तेवढेच तीस थर. पहिला भरतो ३१ सेंटिमीटर, दुसरा ३४. पहिला हाताला घट्ट लागतो, त्याच्या जाळीची भोकं मिटल्यासारखी आहेत. दुसरा मऊ, मोकळा. दोन वेगळ्या बायकांनी विणले असावेत असं वाटतं.

हे सगळं आईसाठी आहे. ती एक्क्याऐंशीची आहे. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात अशी थंडी सध्या पडली आहे, पण आई पायात मोजे घालत नाही. फरशीवरून पाय सटकेल ही तिची भीती, आणि ती खरी आहे. तळवा जमिनीला लागला की तिला भरवसा वाटतो. साडीखालून गार वारा मात्र थेट पोटऱ्यांना लागतो आणि रात्री गोळे येतात. मध्यंतरी तिने पायांवर जुनी घोंगडी घेऊन पाहिली. ऊब भरपूर, पण तिच्या पातळ झालेल्या कातडीला ती टोचते. बाजारातल्या इलॅस्टिकच्या मोज्यांचे संध्याकाळी पाय सुजल्यावर वळ उठतात. मग ठरवलं, पावलं उघडी ठेवून फक्त पोटऱ्या झाकायच्या. आई त्यांना 'बिनपंजाचे मोजे' म्हणते.

जाळी का, साधी वीण का नाही, असं वहिनीने विचारलं होतं. जाळीची वीण ताणली जाते म्हणून. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा सुजलेला पाय, दोन्ही तिच्यात मावतात आणि कुठेच काच बसत नाही. शिवाय आईला सुंदर वस्तू आवडतात. म्हातारपणी माणसाला फक्त उपयोगाच्याच वस्तू द्यायच्या, हे मला पटत नाही.

वीण तिच्याच वहीतली आहे. वहीत तिचं नाव 'लाट'. देवळाली कॅम्पमध्ये राहत असताना शेजारच्या बाईंकडून आईने ती उतरवून घेतली होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड बेटं आहेत, तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या हीच लाट विणत आल्या आहेत. त्यांच्यापैकी अन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. आणि त्याच बेटांवरच्या गरीब बायका पाठीवर जळणाच्या टोपल्या वाहत, चालता चालता मोजे विणत असत. हे वाचलं तेव्हा मला आई दिसली, दुधाच्या रांगेत बगलेत गुंडा धरून माझा स्वेटर विणणारी.

चार फेऱ्यांची वीण आहे. दोन फेऱ्या नुसत्या सुलट. तिसरीत जाळी: दोन-दोन टाके एकत्र असं तीनदा, मग सुईवर दोरा घेऊन एक सुलट असं सहादा, पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. चौथी फेरी उलट. दोरा घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो, दोन एकत्र केले की एक कमी होतो. सहा वाढले, सहा गेले, अठराचे अठराच राहिले. मी दहा नंबरच्या, दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुया घेतल्या. चार सुयांवर अठरा-अठरा टाके, म्हणजे प्रत्येक सुईवर बरोबर एक लाट, आणि पाचवी विणायला. एखादा दोरा घ्यायचा राहिला तर त्या सुईवर लगेच सतराच टाके भरतात. वर गुडघ्याखाली दोन सुलट-दोन उलटची पट्टी, आणि टाके बंद करताना आठ नंबरची जाड सुई (नंबर लहान तेवढी सुई जाड), म्हणजे काठ आवळत नाही.

इतकं सगळं सांभाळून तीन सेंटिमीटरचा फरक. पहिला ओढून लांब करून पाहिला, तर तो रुंदीला कमी होतो. जाळीचं तसंच असतं, लांबी वाढवली की घेर जातो. आणि आईला घेरच हवा आहे.

कारण मला ठाऊक आहे. पहिला मी नोव्हेंबरात विणला, आईला न्यूमोनिया झाला तेव्हा, दवाखान्यातल्या सात रात्रींत.

५ जानेवारी

आईला सांगावं की नाही याचा रात्रभर विचार केला. सकाळी तिनेच दोन्ही मागून घेतले. तिला आता बारीक दिसत नाही, ती बोटांनी बघते. पहिल्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा तिथला ना?"

मी हो म्हटलं. उसवून पुन्हा विणते म्हणाले. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे, कोण बघतंय. ती म्हणाली, "उसवायला मला दे. विणणं होत नाही आता, उसवणं होईल."

दुपारी गच्चीवर बसलो. वरच्या काठाची गाठ मी सोडवून दिली आणि टोक तिच्या हातात दिलं. वरची पट्टी भराभर गेली. मग जाळी लागली आणि तिचा हात थबकला. "हा पांढरा दोरा कसला गं?"

जाळीत चूक झाली आणि उसवावं लागलं तर टाके हातून निसटतात, कारण भोकं धरून ठेवता येत नाहीत. म्हणून मी नुसत्या सुलट फेरीत सगळ्या टाक्यांमधून पांढरा शिवणदोरा ओवून ठेवते. कितीही उसवलं तरी काम त्या दोऱ्यावर थांबतं. दवाखान्यात मी रोज रात्री काम खाली ठेवताना एक ओवत होते. घरी आल्यावर काढायचे राहून गेले. वांग्याच्या रंगाच्या लोकरीत सात पांढरे दोरे.

हा सातवा, मी सांगितलं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. आईने दोरा ओढून काढला, पदरावर ठेवला, उसवत राहिली. सहावा. तू स्वतःहून अर्धी वाटी पेज प्यायलीस. पाचवा. वॉर्डातल्या मावशींनी तुझी वेणी घातली. चौथा. चौथ्या रात्रीचं मला काहीच आठवेना, तेव्हा तिनेच सांगितलं, "सुयांचा आवाज येत होता. टिकटिक. म्हटलं, ही इथेच आहे."

मी तिथे रात्री विणत बसायचे हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिला ते दिवस आठवत नाहीत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तिसरा. दुसरा, त्या रात्री तू मला मावशीच्या नावाने हाक मारत होतीस. तिथे टाके इतके आवळलेले होते की आईला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मी मदतीला हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. पहिल्या दोऱ्याशी ती थांबली आणि काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या रात्री तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून घेतलं होतं. ती थोडा वेळ दोरा चिमटीत धरून बसली, मग काढला. उरलेली तीन बोटं वीणसुद्धा उसवली, लाटांचा खालचा काठ गेला, शेवटी घातलेले टाके एकेक करून सुटले आणि टोक मोकळं झालं.

तिच्या मांडीवर शेवयांसारखी कुरळी लोकर साचली होती. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि पिळून न्हाणीघरातल्या खुंटीला टांगली. खाली ओझं म्हणून जुना तांब्या अडकवला आहे. वाळेपर्यंत कुरळेपणा जाईल. दुसरा लेगवॉर्मर धुऊन दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीवर चढवला आहे. ओल्या लोकरीत लाटा आता उघडल्या आहेत आणि प्रत्येक भोक वेगळं दिसतंय.

सात दोरे आईने बोटाभोवती गुंडाळून सुयांच्या डब्यात ठेवले. झोपताना विचारत होती, लडी उद्यापर्यंत वाळेल का. या थंडीत परवा उजाडेल, मी म्हटलं. "मग परवा टाके घाल. मी मोजते."