प्रगतिपुस्तकावरचं भोक

१९७९-८० साली मी नववीत होतो. प्रयोगशाळेतलं ५ सेंटिमीटर रुंदीचं बहिर्गोल भिंग तेव्हा माझ्या चड्डीच्या खिशात असायचं. तिथं ते कसं आलं, ते इतक्या वर्षांनी कुणी विचारू नये.

मधल्या सुट्टीत विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही चौघं बसायचो. वहीचं कोरं पान काही केल्या पेटायचं नाही, नुसतं पिवळं पडायचं. पण वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर ठिपका धरला, की धुराची बारीक रेघ वर यायची, अक्षराच्या पोटात भोक पडायचं आणि त्याची लाल कड हळूहळू सरकायची. पांढरा कागद ऊन परतवतो, काळी शाई पिते, हे पुस्तकाआधी नाकाला कळलं. हात जरा हलला, की पहिल्यापासून सुरुवात.

एकदा जाळायला काही उरलं नाही, म्हणून प्रगतिपुस्तक काढलं. त्यात काळ्या शाईचा शेरा होता, ‘गणितात लक्ष द्यावे’. ‘लक्ष’ जळून गेलं आणि ठिपका अचानक विझला. विज्ञानाच्या सरांची सावली पडली होती.

छडी बसली नाही. सरांनी पट्टी पुढे केली. “जाळतोस ना? मग मोज.” भिंगापासून कागद २० सेंटिमीटरवर, ठिपका जेमतेम २ मिलिमीटरचा. म्हणजे शंभरास एक.

“तो ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र आहे. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब. मग तो केवढा?”

“१५ लाख किलोमीटर.” पुस्तकात जवळजवळ १४ लाख होते.

“लाखभर माफ,” सर म्हणाले. आणि भिंग चक्क माझ्याकडेच राहू दिलं!

चित्र वगैरे मला तेव्हा पटलं नव्हतं. पटलं १६ फेब्रुवारी १९८० ला. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून गेला, आमच्या सावंतवाडीकडे सूर्याची कोर शिल्लक राहिली. दारं-खिडक्या बंद, आजी जपाला बसलेली. मी मागच्या पडवीत सूर्याकडे पाठ करून भिंग धरलं. कागदावर गोल ठिपका नव्हताच. तांदळाच्या कणीएवढी लखलखीत कोर होती.

प्रगतिपुस्तक सहीला पुढे करायचा धीर दुसऱ्या दिवशी, रविवारी झाला. वडिलांनी ते उजेडाला धरलं, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “गणितात काय द्यावे?”