अर्ध्या तासाची गाळचाचणी

छोट्या शहराच्या सांडपाणी केंद्रात ऑनलाइन मीटर असतात, पण निम्मे बंद पडलेले असतात. त्यामुळे रोजचा भरवसा ठेवावा तो एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यावर. एरेशन टाकीच्या (जिथं जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडतात) शेवटच्या टोकाचं पाणी लगेच त्यात ओतायचं आणि ३० मिनिटं हात लावायचा नाही. नमुना तासभर बादलीत पडून राहिला असेल तर चाचणी वाया गेली.

अर्ध्या तासानं गाळ २४० मिलीवर बसला आणि एमएलएसएस (टाकीतल्या एक लिटर पाण्यात तरंगणारा गाळ, मिलिग्रॅममध्ये) ३००० असेल, तर एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळानं व्यापलेली जागा मिलीमध्ये, ८०. ठीक आहे. तोच गाळ ६०० वर अडला तर एसव्हीआय २००, म्हणजे गाळ फुगलाय, नीट बसत नाही. वरचं पाणी मात्र अशा वेळी आरशासारखं स्वच्छ दिसतं. फसगत होते ती इथंच. सकाळी सगळ्या घरांतलं पाणी एकदम आलं की हाच गाळ क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या) काठावरून बाहेर पडतो.

गाळ फुगलाय की नुसता जास्त झालाय, हे ओळखायला दुसऱ्या नळकांड्यात अर्धा नमुना आणि अर्धं क्लॅरिफायरचं स्वच्छ पाणी घ्या. ९०० वर अडलेला गाळ आता ३०० वर आला, तर टाकीत गाळ फार झालाय, काढून टाका. तो ८०० च्या आसपासच राहिला, तर तंतूमय जिवाणू माजलेत. मग आधी विरघळलेला ऑक्सिजन बघा. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर डिफ्यूझर (हवेचे बुडबुडे सोडणारी तोंडं) चोंदलेत का ते तपासा. परतीच्या गाळात (क्लॅरिफायरच्या तळातून पुन्हा एरेशन टाकीत जाणाऱ्या) क्लोरीन सोडता येतं, पण तो तात्पुरता उपाय. जास्त झालं तर अमोनिया पचवणारे जिवाणूही मरतात.

चाचणी झाली की नळकांडं धुवायची घाई नको. दोनेक तासांत बसलेला गाळ गोळ्यागोळ्यांनी वर आला आणि हलकेच ढवळल्यावर बुडबुडे सुटून पुन्हा खाली गेला, तर तो फुगलेला नाही. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन त्यानं गाळ उचललाय. क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ फार वेळ पडून राहतोय. परतीचा पंप वाढवा, गाळाचं वय (गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते) थोडं कमी करा.

वयाचा हिशोब सोपा आहे. १००० घनमीटर टाकीत ३००० एमएलएसएस म्हणजे ३००० किलो गाळ. वय १५ दिवस ठेवायचं तर रोज २०० किलो बाहेर. परतीच्या गाळात लिटरमागे ८००० मिलिग्रॅम असतील तर ते २५ घनमीटर होतात. पाण्यासोबत निसटणारा गाळ त्यातून वजा करा. हा आकडा एका दिवसात १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त हलवू नये. परिणाम पूर्ण दिसायला एका गाळवयापेक्षा जास्त दिवस लागतात. तेवढा धीर नसला की रोज पंपाचा वेग बदलत राहतात आणि मग नेमकं कशानं काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही.