व्याकरण चोख, निबंध नापास

सत्राचा पाचवा आठवडा आला की रायटिंग सेंटरमध्ये रांग लागते. इंग्रजी कॉम्पोझिशनचे पहिले निबंध तपासून परत आलेले असतात आणि गुण बघितल्यावर सगळ्यांना एकदमच आमची आठवण होते. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे विद्यापीठात जाण्याआधीची पहिली दोन वर्षं करता येतात अशा कॉलेजात, ट्यूटर आहे. त्या मंगळवारी दहा वाजता आलेल्या बाई चाळिशीच्या, सांगलीकडच्या, मराठी माध्यमातून बीकॉम झालेल्या. इथे अकाउंटिंगची पदवी घ्यायची तर हा कोर्स चुकत नाही. त्यांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या: 100 पैकी 62 गुणांचा निबंध आणि व्याकरणाच्या स्वाध्यायांचं एक जाडजूड पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडवलेलं.

"डिसेंबर-जानेवारीची सगळी सुट्टी यात घातली," त्या म्हणाल्या. "तरी डी. सोडून देऊ का कोर्स?"

इथे 'सी'च्या खाली गुण गेले तर पुढच्या विद्यापीठात कोर्स धरला जात नाही, त्यामुळे प्रश्न रास्त होता. पण एका निबंधावर निर्णय घ्यायची घाई नव्हती. रेकॉर्डवर काहीच न येता कोर्स सोडायची मुदत साधारण तिसऱ्या आठवड्यात संपते. त्यानंतर 'डब्ल्यू', म्हणजे कोर्स मधेच सोडल्याचा शेरा, लागतो, आणि तो घ्यायला तीन चतुर्थांश सत्र होईपर्यंत वेळ असतो. मी त्यांना निबंध मोठ्याने वाचायला सांगितलं. आम्ही हातात पेन घेत नाही. लेखकाने स्वतः वाचलं की अडखळायच्या जागा त्याच्याच कानाला कळतात.

त्या फारशा अडखळल्या नाहीत. चार पानांत चुका सात-आठ, त्याही बहुतेक 'द' आणि 'अ' गाळल्याच्या. मराठीत आर्टिकलच नाही, ते होणारच. दोन ठिकाणी 'ऑल्दो'नंतर 'बट' आलं होतं. ते आपलं 'जरी-तरी'. इंग्रजीत त्यातलं एकच लागतं. बाकी इतकी स्वच्छ पानं माझ्यासमोर क्वचित येतात. प्राध्यापकांनी मात्र समासात चार वेळा एकच शेरा मारला होता: 'सो व्हॉट?' आणि शेवटी: हा सारांश आहे, विश्लेषण नाही.

निबंध होता मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून 16 एप्रिल 1963 रोजी लिहिलेल्या पत्रावर. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढलं होतं, की वर्णभेदाविरुद्धचं तिथलं आंदोलन अवेळी आहे आणि त्यामागे बाहेरची माणसं आहेत. पत्र हे त्याचं उत्तर. प्रश्नपत्रिका सांगत होती की त्यातला एक युक्तिवाद निवडा आणि तो कसा पटवून दिला आहे ते उलगडून दाखवा. बाईंनी सुरुवात केली होती 15 जानेवारी 1929 ला अटलांटात झालेल्या जन्मापासून. मग वडिलांचं चर्च, मग 1964 चं नोबेल, आणि शेवट 'आपण सर्वांनी त्यांचा आदर्श घ्यावा'. शाळेतल्या जयंतीच्या भाषणाचा साचा जसाच्या तसा. वर्षानुवर्षं ज्या साच्याला पैकीच्या पैकी मिळाले, तो हात आपसूक लिहितो.

तयारी व्याकरणाची का केली, तर ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून. या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. पूर्वी प्रवेश घेतल्यावर पातळी ठरवायला चाचणी असायची, वाक्यरचनेचे बहुपर्यायी प्रश्न असायचे, आणि त्यात घसरलं की खालच्या वर्गांत सत्रंच्या सत्रं जायची. कॅलिफोर्नियाचा 2017 चा एबी 705 कायदा 2019 च्या शरद सत्रापासून पूर्ण लागू झाला आणि ती चाचणी गेली. आता शाळेचे गुण बघतात. परदेशातून शिकून आलेल्यांना बहुधा मार्गदर्शक प्रश्नावली भरून स्वतःच पातळी ठरवावी लागते. चाचणी गेली, तिच्यासाठीचा सल्ला मात्र फिरतोच आहे. बाईंना जोडीचा मदत-वर्गही सुचवला होता. 'कच्च्यांचा' म्हणून त्यांनी तो नाकारला. माझ्या मते ही त्यांची खरी चूक. तिथे व्याकरणापेक्षा याच निबंधांचे खर्डे जास्त घासले जातात.

वेळेचं गणितही कच्चं होतं. तीन युनिट म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग हे त्यांनी धरलं, पण एका तासामागे घरी दोन तास गृहीत असतात हे नाही. आठवड्याचे नऊ तास, आणि त्यातला मोठा वाटा वाचनाचा.

मग कामाला लागलो. आधी प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं त्यांनी गोल केली. दोनच निघाली, 'निवडा' आणि 'उलगडून दाखवा'. 'सांगा' कुठेच नव्हतं. मग पत्राच्या तीन पानांसाठी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे परिच्छेद काय म्हणतो, उजवीकडे तो काय करतो. डावा रकाना झरझर भरला. उजव्यात पहिली दहा मिनिटं 'माहिती देतो' एवढंच येत होतं. नेहमीच तसं होतं. 'आक्षेप आधीच ओळखून ठेवतो', 'वाचकाच्याच धर्मग्रंथाचा आधार घेतो' अशा नोंदी यायला चार-पाच परिच्छेद जावे लागतात.

तेवढ्यात त्यांच्या प्रतीतलं एक वाक्य दिसलं. लाल पेनने पूर्ण अधोरेखित, शेजारी लिहिलेलं 'रन-ऑन', म्हणजे नीट न जोडता लांबवलेलं चुकीचं वाक्य. मला आधी कळेना, मग हसू आवरेना. ते त्या पत्रातलं सर्वांत गाजलेलं वाक्य, तीनशेहून अधिक शब्दांचं. स्वाध्याय पुस्तकाच्या हिशेबाने त्यांनी किंगना चूक दिली होती!

"यात अर्धविराम किती आणि एकच शब्द कितीदा येतो, मोजा."

त्यांनी बोट ठेवत मोजायला घेतलं. जमावाने मारलेली माणसं, पोलिसांचा मार, करमणूक उद्यानात जाता येणार नाही हे सहा वर्षांच्या मुलीला सांगताना अडखळणारी जीभ. प्रत्येक तुकडा 'व्हेन'ने सुरू, आणि अगदी शेवटी 'देन'.

"म्हणजे जेव्हा-तेव्हा," त्या म्हणाल्या. "जेव्हा, जेव्हा, जेव्हा... आणि तेव्हा कळेल आम्हाला थांबणं का जड जातं." मग क्षणभराने, "अहो, हे वाक्य आपल्यालाच थांबवून ठेवतंय की!"

उजव्या रकान्यात त्यांनी हेच लिहिलं. त्या तासाचं काम तिथे झालं. उरलेल्या वीस मिनिटांत थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा, बसवलं: 'थांबा' म्हणणाऱ्या धर्मगुरूंना किंग वाक्याच्या लांबीनेच थांबायचा अनुभव देतात. थीसिसची माझी कसोटी साधी. समोरचा 'मला नाही पटत' म्हणू शकला पाहिजे. जन्मतारखेला कोण नाही म्हणणार? परिच्छेदासाठी प्रमाण दिलं: अवतरणाच्या एका ओळीमागे स्वतःच्या किमान दोन, आणि त्या 'सो व्हॉट?'ला उत्तर देणाऱ्या.

एमएलएच्या, म्हणजे निबंधाच्या मांडणीच्या आणि संदर्भ देण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, बाबी घाईत उरकल्या. चारी बाजूंना एक इंच, 12 चा टाइप, उजवीकडे वर आडनाव आणि पान क्रमांक, शीर्षक मध्यावर पण ठळक नाही. कंसात लेखक आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही, आणि पूर्णविराम कंसानंतर. दुहेरी अंतरासाठी त्यांनी प्रत्येक ओळीअखेर दोनदा एंटर दाबला होता. एक शब्द बदलला की पानभर ओळी फुटायच्या. ते काढून लाइन स्पेसिंग 2 केलं. चार पानं म्हणजे हजार-अकराशे शब्द, हा अंदाज तेव्हा कुठे जुळला.

निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या कोर्सआधीच्या सुट्टीत काय करू? मी म्हटलं, आठवड्याला एक लांब लेख, दोन रकाने, आणि खाली एक वादग्रस्त वाक्य. पुस्तक विकलं तरी चालेल.

पुन्हा सादर करायला आठवडा होता. कोर्स सोडायचं पुन्हा निघालं नाही, त्यांनी गुरुवारची वेळ घेतली. नव्या थीसिसमध्ये एक 'द' राहून गेला होता. मी काही बोलले नाही. वाक्य अजून दोन-तीनदा तरी बदलणार होतं.