‘डा डा’ म्हणजे बॅबलिंग नव्हतं

परवा मागच्या वर्षीच्या फाइली आवरत होते, त्यात एक कागद हाती लागला आणि एकटीच बसल्या बसल्या लाजले. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं साडेतीन वर्षांचं पोरगं, बोलत नाही म्हणून माझ्याकडे तपासायला पाठवलेलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, "शब्द नाहीत, फक्त बॅबलिंग, डा डा." बॅबलिंग म्हणजे तान्ह्या बाळाची अर्थ नसलेली बडबड. आणि त्या शेऱ्याच्या खालच्याच ओळीत, "टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवतो." कोरकूत, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भाषेत, डा म्हणजे पाणी. पोरगं अर्धा तास पाणी मागत होतं आणि मी त्याचे मार्क कापत होते!

हे मला कळलं ते पुढच्या महिन्यात, अंगणवाडीच्या मदतनीस ताई सोबत आल्या तेव्हा. त्या हसल्या, मी पण हसले, पण घरी जाताना एसटीत काही हसू येत नव्हतं.

मी स्पीच थेरपिस्ट. शिक्षण मुंबईत, इंटर्नशिप धरून चार वर्षं, मग नोकरीसाठी विदर्भात आले. मराठी तर आपलीच भाषा, त्यात काय, असं डोक्यात होतं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीला चित्रं दाखवली, डोळा, केळं, फळा. ती म्हणाली डोया, केयं, फया. मी झटपट लिहून टाकलं, ळ चुकतो, य म्हणते. बाजूला तिची आजी बसलेली, ती म्हणे, "बाई, डोया दुखते का तिचा, म्हून इचारता काय?" पेन तिथंच थांबलं. अख्खं घर ळ ला य म्हणतं, ती वऱ्हाडी आहे, पोरीच्या जिभेत काही बिघाड नाही. पुस्तकात हे सगळं असतं, बोलीभाषेतला फरक आणि दोष वेगळे वगैरे, परीक्षेत मी त्यावर चांगलं लिहिलं पण होतं.

पण वऱ्हाडी निदान मराठीच. कोरकूचं मराठीशी नातंच नाही, तिचं गोत तिकडे झारखंडच्या मुंडारी-संथाळीचं. २०११ च्या जनगणनेत ७ लाखांहून जास्त लोकांनी ही आपली मातृभाषा सांगितली, मध्य प्रदेश आणि आपला मेळघाट मिळून, आणि माझ्या कपाटात कोरकूतली एक टेस्ट नाही. आपण शाळेत देवः देवौ देवाः घोकलं ना, तसं द्विवचन कोरकू पोरं घरात सहज बोलतात, दोन बकऱ्या असल्या तर शब्दाचं शेपूट वेगळं, खूप असल्या तर कू. कोरकू हे नाव पण तसंच, कोरो म्हणजे माणूस, कू लागलं की माणसं. आता हे माहीत नसलेल्या बाईनं पोराचं ‘व्याकरण कच्चं’ असं लिहायचं म्हणजे कमालच आहे.

आणि ती चित्रं! द्राक्षं, जहाज, आईस्क्रीमचा कोन. मोहफूल दाखवा की, टेंभरं दाखवा, कोंबडीची पिल्लं दाखवा, मग बघा बोलतं का नाही. आता मी टेस्टचा डबा गाडीतच ठेवते, आधी पोराच्या खिशात काय आहे ते बघते, तिथून गप्पा सुरू होतात.

त्या पोराच्या बाबतीत मी याहून मोठी चूक केली. पहिल्या दिवशी बापाला मराठीत सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मराठी, दोन भाषांनी पोर गोंधळतं. हा सल्ला आजही कितीतरी जण देतात, डॉक्टर देतात, शिक्षक देतात, आणि तो चूक आहे. दोन भाषांनी मूल उशिरा बोलायला लागत नाही, ज्याला अडचण आहे त्याला ती दोन्ही भाषांत असते. पण मी बोलून मोकळी झाले. पुढच्या खेपेला आजी सोबत आलेली, पोरगं तिच्या मांडीत, आणि ती तोंडातून अवाक्षर काढेना. मला वाटलं लाजते. बाप म्हणाला, "मॅडम, आई आता याच्याशी बोलत नाही. तिला मराठी येत नाही, तुम्हीच सांगितलं ना." आई-बाप दिवसभर कामाला, पोराशी जास्तीत जास्त बोलणारं माणूस ही आजी, आणि तिला मी महिनाभर गप्प बसवलं होतं.

मी माफी मागितली, ताईंनी ती कोरकूत सांगितली. आजीनं काय उत्तर दिलं ते ताईंनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं पण नाही.

खरा घोळ निघाला कानात. बोलत नाही असं कुणी म्हणालं की पहिल्यांदा कान तपासायचे, हा नियम, पण तपासणीच्या मशीनची तारीख मिळेपर्यंत आपण जिभेवरच खल करत बसतो. दोन्ही कान वाहायचे, तेल टाकून टाकून आत नुसता चिखल. आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे औषधं झाली, कान कोरडे झाले, तरी बरंच कमी ऐकू येत होतं, मग कानाची मशीन मिळाली. मशीन फुकट मिळते हो, पण सेल दोनेक आठवड्यांत संपतो आणि तो काही गावच्या किराणा दुकानात नसतो. चिखलदऱ्याच्या पावसात ती मशीन दमट होऊन गप्प पडते, तर रात्री घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायला सांगितलं. पुड्या नव्या बुटांच्या खोक्यातल्या, मीच जमवून दिल्या.

थेरपीचं म्हणाल तर आठवड्याला दोन सेशन हे पुस्तकातलं गणित. इथं एक खेप म्हणजे पहाटेची एसटी, घाट, एका माणसाची मजुरी बुडाली, शिवाय भाडं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीम अंगणवाडीतली पोरं वर्षातून दोनदा तपासतात, त्यामुळे पोरं सापडतात तरी, पण सापडल्यावर पुढे रोज काय? व्हिडिओ कॉल करून बघितला, बाप रेंजसाठी टेकडीवर चढायचा आणि पोरगं खाली घरी! मग आम्ही आजीलाच धरलं. मोहफुलं वेचताना एक तू टाक एक मी, दरवेळी नाव घ्यायचं, त्यानं अर्धं म्हटलं की आजीनं पुरतं म्हणायचं, पाणी लगेच द्यायचं नाही, थोडं थांबायचं, मागू द्यायचं. सगळं कोरकूत. दिवाळीपर्यंत ताईंच्या वहीत २६ शब्द जमले, ताईंचं स्पेलिंग आणि माझ्या बाजूला खुणा.

दिवाळीनंतर ते लोक कामाला गेले, बहुतेक मध्य प्रदेशात, फोन लागत नाही. सेल नक्की संपले असणार. पण होळीला मेळघाटात सगळे परततात, कुठंही असले तरी, फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला बाया रस्त्यात उभ्या राहतात, तेव्हा माझा कॅम्प त्या आठवड्यात लावा म्हणून अर्ज दिलाय. सेलची चार पाकिटं बॅगेत टाकून ठेवलीत. आणि पाण्याच्या दोन बाटल्या.