टेबलावरून फळीवर: विंडोज ९८ चं यंत्र दुसऱ्या खोलीतून चालवताना

जुना सीआरटी मॉनिटर गेला आणि टेबल एकदम मोकळं झालं. यंत्र मात्र ठणठणीत आहे: पेंटियम टू, ३५० मेगाहर्ट्‌झ, ४४०बीएक्स मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. त्यातले कंपायलर आणि चित्रं काढायचे दोन प्रोग्रॅम मी अजून वापरते. इम्युलेटरमध्ये ते चालतात, पण मला ते खऱ्या यंत्रावरच चालवायला आवडतात. पंख्याचा आणि हार्ड डिस्कचा आवाज तेवढा नको होता. म्हणून बेत असा ठरला: यंत्र मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवायचं, त्याला कीबोर्ड, माउस, पडदा काहीच जोडायचं नाही, आणि सगळं काम लॅपटॉपवरून करायचं.

पहिला शनिवार

विंडोज ९८ मध्ये रिमोट डेस्कटॉप, म्हणजे एका यंत्राचा पडदा दुसऱ्यावरून चालवायची विंडोजची स्वतःची सोय, नाही. रोजच्या वापरातल्या विंडोजमध्ये ती सोय २००१ साली एक्सपी प्रोफेशनलबरोबर आली. तेव्हा व्हीएनसी: यंत्रावरचा सर्व्हर पडद्याचं चित्र नेटवर्कवरून पाठवतो, लॅपटॉपवरचा व्ह्यूअर ते दाखवतो आणि कळा-माउस परत पाठवतो. टाइटव्हीएनसी या त्यातल्या एका प्रोग्रॅमची दुसरी मालिका विंडोज २००० च्या आधीच्या यंत्रांवर चालत नाही, म्हणून १.३.१० ही आवृत्ती घेतली. सर्व्हिस म्हणून, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम म्हणून, बसवली की ती लॉगिनची चौकट येण्याआधीच सुरू होते. पडदा नसलेल्या यंत्रासाठी हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर यंत्र पासवर्डपाशी थांबून राहतं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर तो हिरवट-निळा डेस्कटॉप दिसला. मी बराच वेळ नुसता माउस फिरवत बसले होते. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

रविवार, वेगाच्या मागे

दृश्य दिसत होतं, पण खिडकी सरकवली की पट्ट्यापट्ट्यांनी रंगत होतं. माझा पहिला संशय नेटवर्कवर, आणि तो चुकीचा निघाला. हिशोब मांडून पाहा: ८००×६०० चा पडदा १६ बिट रंगांत म्हणजे ९,६०,००० बाइट. रिअलटेक ८१३९ चं नेटवर्क कार्ड १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. काहीही न दाबता (म्हणजे चित्राचे बाइट कमी न करता) पाठवलं तरी सेकंदाला दहा-बारा पूर्ण चित्रं जायला हरकत नाही. तेवढी जात नव्हती, कारण अडचण तारेत नव्हतीच.

अडचण दोन ठिकाणी आहे. त्या काळातल्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत लिहिणं वेगवान असतं, पण तिथून परत वाचणं कमालीचं संथ. आणि व्हीएनसी सर्व्हरला तर पडदा वाचूनच पाठवावा लागतो. दुसरी म्हणजे टाइट एन्कोडिंग, चित्र पाठवायची एक पद्धत. ते चित्र छान दाबतं, पण दाबायची मेहनत त्या ३५० मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरवर पडते. संथ मोडेमच्या काळात तो सौदा परवडत होता. घरातल्या तारेवर गणित उलटं होतं: बाइट मुबलक, प्रोसेसर अपुरा. व्ह्यूअरमध्ये हेक्सटाइल ही दुसरी पद्धत निवडली आणि फरक लगेच जाणवला. हेक्सटाइल पडद्याचे १६×१६ चे चौकोन पाडून साध्या पद्धतीने पाठवतं, फारसा विचार करत नाही. डेस्कटॉप ३२ बिटवरून १६ वर आणला, वॉलपेपर काढलं, मेनू उलगडण्याचे इफेक्ट बंद केले. आता टाइप करताना अक्षर हाताबरोबर उमटतं. मला तेवढं पुरे आहे.

डॉसची खिडकी सुरुवातीला मख्ख दिसत होती. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कन्सोल खिडक्या सतत तपासायचा पर्याय लावल्यावर ती हलायला लागली. पूर्ण पडद्यावरचा डॉस मात्र येत नाही, आणि आवाज तर व्हीएनसीतून येतच नाही. खेळांसाठी हे करत असाल तर या वाटेला जाऊ नका.

पुढचा शनिवार, कुंपण

विंडोज ९८ ला ११ जुलै २००६ नंतर एकही दुरुस्ती मिळालेली नाही. व्हीएनसीचा जुना पासवर्ड फक्त आठ अक्षरांचा. नववं अक्षर टाकलंत तरी ते बघितलंच जात नाही. आणि पासवर्ड पार पडला की पुढे पडदा काय, दाबलेल्या कळा काय, सगळं उघड्यावरून जातं. असं यंत्र घरातल्या बाकीच्या उपकरणांबरोबर एकाच जाळ्यात सोडायला माझं मन तयार होईना. राउटरवर ५९०० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे व्हीएनसीचं दार, बाहेरच्या जगाला उघडण्याचा तर प्रश्नच नाही. कुणी सुचवलं तरी करू नका.

उपाय म्हणून मध्ये रास्पबेरी पाय ३ हा छोटा, एका बोर्डाचा संगणक ठेवला. तो वायफायने घरच्या जाळ्यात असतो आणि त्याच्या इथरनेटमधून एकच केबल थेट जुन्या यंत्राला जाते. पायच्या बाजूला ऑटो-एमडीआयएक्स (केबलमधल्या तारांची अदलाबदल आपोआप जुळवून घेणारी सोय) आहे, त्यामुळे क्रॉसओव्हर केबल शोधावी लागली नाही. लॅपटॉपवरून पायपर्यंत एसएसएचचा, म्हणजे सांकेतिक केलेल्या जोडणीचा, बोगदा, आणि पायपासून यंत्रापर्यंत हातभर उघडी तार. लॅपटॉपला वाटतं की व्हीएनसी त्याच्याच ५९०१ पोर्टवर चालू आहे.

इथे एक तास गेला. केबल जोडल्यावर जुनं यंत्र चालू व्हायला खूप वेळ घेई आणि व्हीएनसी काही लागेना. पुन्हा एकदा मित्राचा मॉनिटर उसना आणून पाहिलं तर आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. मग उलगडलं: राउटर मधून निघाल्यावर पत्ता वाटणारं कुणी उरलंच नव्हतं. विंडोज ९८ वाट बघून बघून स्वतःच त्या मालिकेतला पत्ता घेतं. पायला १०.०.०.१ आणि यंत्राला १०.०.०.२ असे कायमचे पत्ते दिले. यंत्राचा गेटवेचा रकाना मुद्दाम रिकामा सोडला. त्याला आता बाहेरची वाटच माहीत नाही, आणि मी निवांत झोपते.

फाइलींसाठी पायवर एफटीपी सर्व्हर लावला. विंडोजची एफटीपी आज्ञा मुळात मजकुराच्या पद्धतीत सुरू होते, तेव्हा झिप फाइल आणायच्या आधी बायनरी ही आज्ञा द्यायला विसरू नका. माझ्या पहिल्या तीन झिप फाइली फाटक्याच उतरल्या होत्या.

त्यानंतरचा आठवडा, फळीवर

खरी परीक्षा इथून सुरू झाली. व्हीएनसी हातात येतं ते विंडोज जागं झाल्यावर. त्याआधीचा सगळा रस्ता, म्हणजे वीज, बायोस (विंडोजच्या आधी यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम), मेमरीची मोजणी, हा त्याच्या हाताबाहेरचा. आपण सगळे व्हीएनसीच्या आवृत्त्यांवर तासन्‌तास बोलतो, पण माझा निम्म्याहून जास्त वेळ या रस्त्यावर गेला.

कीबोर्ड नसला की बायोस तक्रार करून थांबतं. हॉल्ट ऑन (कशावर थांबायचं) या पर्यायात कीबोर्ड सोडून बाकी सगळं असं निवडलं. पडदा नसला की माझं ग्राफिक्स कार्ड ६४०×४८० वर अडकत होतं. एका रिकाम्या व्हीजीए प्लगमध्ये ७५ ओहमचे तीन रेझिस्टर लावले: पिन १ ते ६, २ ते ७, ३ ते ८, म्हणजे लाल, हिरवा, निळा आपापल्या ग्राउंडला. कार्डाला वाटतं मॉनिटर जोडलेला आहे.

चालू करण्यासाठी वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून इशारा देऊन बंद यंत्र उठवणं. जादूचं पॅकेट अगदी साधं आहे: सहा वेळा एफएफ, मग नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. झोपलेल्या यंत्राला आयपी पत्ता नसतो, म्हणून ते ब्रॉडकास्ट, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्यांसाठीच्या, पत्त्यावर सोडावं लागतं. पण एवढ्या जुन्या बोर्डावर कार्डापासून मदरबोर्डपर्यंत तीन तारांची छोटी केबलही लागते. स्टँडबायचे (यंत्र बंद असतानाही मिळणारे) पाच व्होल्ट, ग्राउंड आणि उठवायचा इशारा. यंत्र बंद असताना कार्डाचा दिवा लागलेला नसेल तर पॅकेट कितीही पाठवा, ऐकायला कुणी नाही.

पाच दिवस सगळं नीट चाललं. सहाव्या दिवशी वीज गेली, आली, आणि यंत्र गप्प. पॅकेट गेलं, पंखा फिरला, व्हीएनसी मात्र नाही. कीबोर्ड जोडून एफ१ दाबलं तशी गाडी पुढे सरकली. बायोसची सीआर२०३२ बॅटरी संपली होती. वीज असेपर्यंत स्टँडबायवर बायोसची आठवण टिकत होती. वीज गेली आणि हॉल्ट ऑन पुन्हा मूळ जागी. तुमचं यंत्र फळीवर चढवण्याआधी ती बॅटरी बदला. पडदा लावण्याच्याही आधी, सगळ्यात आधी.

आज

वेक-ऑन-लॅन फक्त उठवू शकतं. विंडोज ९८ गोठलं की फळीपर्यंत जावंच लागतं. म्हणून आज पायच्या जीपीआयओला (प्रोग्रॅममधून चालू-बंद करता येणाऱ्या पिनेला) ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पीसी८१७ ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने इशारा पलीकडे देणारा भाग, जोडला आणि त्याची दुसरी बाजू मदरबोर्डच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवर. अर्धा सेकंद दिला की यंत्र सुरू होतं, चार सेकंदांहून जास्त धरून ठेवलं की सक्तीने बंद. दोन्ही विद्युत मंडलं एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे पायची काळजी नाही. रीसेटसाठी दुसरा ऑप्टोकपलर उद्या बसवणार आहे.

आता उरला बायोसचा पडदा. घरगुती बोर्ड तो सीरियल पोर्टवर पाठवत नाहीत, तेव्हा व्हीजीए पकडून पायला द्यायचा मार्ग शोधते आहे. ७० हर्ट्‌झच्या टेक्स्ट मोडला नीट पकडणारं एखादं स्वस्त यूएसबी उपकरण कुणी वापरलं असेल, तर जरूर सांगा.