वागळेतून रबाळ्याला: गाळा बदलताना आलेला माझा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा भाड्याचा गाळा मालकाने विकायला काढला, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, कल्याणपलीकडे मुरबाडला जा, जागा स्वस्त आहे. आमचं काम छोटं, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीनं), पंप-व्हॉल्व्हचे पार्ट जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरप्रमाणे, करतो. मुरबाड एमआयडीसी (राज्याच्या औद्योगिक महामंडळाची वसाहत) बघून पण आलो, मोकळी हवा, रुंद रस्ते, भाडं ऐकून पार्टनर तर खूशच. वर सरकारी सवलती. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे, जेवढा भाग मागास तेवढी सवलत जास्त.

पण मी एका पार्टचा हिशोब कागदावर मांडला. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून रॉड येतो, तो आमच्याकडे टर्निंग होतो (फिरवून कापून आकार देतो), मग हीट ट्रीटमेंटला (तापवून कडक करायला) जातो, परत ग्राइंडिंगला (घासून अचूक मापाला आणायला), तिथून झिंक प्लेटिंगला (जस्ताचा थर द्यायला), मग परत आमच्याकडे तपासणी आणि शेवटी कस्टमर. म्हणजे रॉडची फेरी धरून एकच पार्ट सहा वेळा टेम्पोत बसतो! नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यात ही सगळी दुकानं जवळजवळ आहेत, सकाळी टाकलेला माल बऱ्याचदा संध्याकाळी मिळतो, आणि प्लेटिंगला डाग आला तर पार्ट हातात घेऊन स्वतः जाऊन भांडता येतं. मुरबाडहून हे कसं करणार? प्लेटिंगवाला पण कुठेही दुकान टाकू शकत नाही, तो रेड कॅटेगरीत (प्रदूषण मंडळाच्या यादीत सर्वात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत), सांडपाण्याची सोय असेल तिथेच तो टिकतो. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये कारखान्यांच्या जागेचा सिद्धांत मांडला, त्यात कच्च्या मालाचं वजन आणि वाहतूक तर आहेच पण एकमेकांजवळ राहिल्याने होणारा फायदा पण आहे. वजनाच्या नियमाने (काम करताना वजन घटत असेल तर कच्च्या मालाजवळ बसा) बघितलं तर रॉडचा बराच भाग कीस होऊन भंगारात जातो म्हणून आम्ही कळंबोलीला चिकटून बसायला हवं, पण आमच्या मालात स्टीलच्या भाड्यापेक्षा या फेऱ्याच महाग पडतात.

दुसरं कारण माणसं. आमचे ऑपरेटर कळवा, दिवा, दिघ्याचे. जुन्या ऑपरेटरने तोंडावर सांगितलं, "दादा, मुरबाडला ट्रेन नाही, मी येणार नाही." इकडे ठाणे-वाशी लोकल २००४ पासून आहे, रबाळे स्टेशनला उतरून शेअर रिक्षा. मशीनचं सेटिंग येणारा माणूस गेला तर स्वस्त जागा घेऊन करायचं काय?

हा पट्टा मुळात केमिकलवाल्यांचा. पलीकडे ट्रॉम्बेला १९५० च्या दशकात रिफायनऱ्या आल्या, त्यांचा नाफ्था (तेल शुद्ध करताना निघणारा, केमिकलसाठीचा कच्चा माल) वापरणारे कारखाने ठाणे-बेलापूर रोडला उभे राहिले, १९६२ मध्ये एमआयडीसी हे महामंडळ स्थापन झालं, बारवी धरणाचं पाणी आलं. आता त्यातल्या बऱ्याच जागांवर काचेच्या आयटी बिल्डिंगी दिसतात. आधीचं कारण संपलं तरी वीज, पाणी, रस्ता, माणसं तिथेच राहिली आणि आमच्यासारखे त्याच्या जोरावर येतात.

तर रबाळ्यात गाळा ठरला आणि खरी पायपीट इथून सुरू झाली. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या लीजवर असते, मालक कितीही म्हणाला "माझाच प्लॉट आहे" तरी पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी लागते, आणि त्याआधी इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला. पहिल्या मालकाकडे तो नव्हताच, "सगळे असेच बसतात हो" म्हणाला, आम्ही नमस्कार केला आणि निघालो. दुसऱ्या गाळ्यात कागद ठीक पण आधीच्या भाडेकरूची वीजबिलाची थकबाकी. ती भरल्याशिवाय त्या जागेला नवीन कनेक्शन नाही, शेवटी मालकाने भरली, ते पण आम्ही डिपॉझिट अडवल्यावर. आणि हो, जागा पक्की करायच्या आधी मंजूर लोड (त्या जागेला किती वीज वापरायची परवानगी आहे ते) बघा. कॉम्प्रेसर, एसी आणि मशीनच्या सगळ्या स्पिंडल (फिरणाऱ्या भागाच्या मोटरी) धरून बेरीज करा, एजंट नुसतं "थ्री फेज आहे" एवढंच सांगतो.

प्रदूषण मंडळाचं आम्हाला फार जड गेलं नाही कारण केमिकल प्रोसेस काही नाही, पण वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते भंगारवाल्याला द्यायचं नाही, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं आणि पावत्या फाइलला लावायच्या. मशीन हलवायला क्रेनवाला रविवारीच बोलवला, कारण एरवी गल्लीत टेम्पो, कंटेनर आणि वडापावच्या गाड्या यातून क्रेन वळतच नाही.

भाडं मुरबाडच्या दुपटीपेक्षा जास्त आहे, ते दर महिन्याला टोचतं. पण हीट ट्रीटमेंटवाला मागच्याच गल्लीत आहे, आणि त्याच्याच ओळखीने दोन नवीन पार्टची चौकशी आली म्हणून आता लोड वाढवायचा अर्ज टाकलाय.